मांडवीजवळचं भांड्यांचं दुकान : वर्षाच्या पोरीसाठी घेतलेली भांडी, सहा महिन्यांनंतर

खेळण्यांच्या दुकानाचा नाही, भांड्यांच्या दुकानाचा रिव्ह्यू लिहितेय, कारण गेल्या सहा महिन्यांत आमच्या छकुलीने मन लावून जे काही खेळलंय ते जवळजवळ सगळं याच दुकानातून आलंय. दुकान बडोद्यात, मांडवीहून चांपानेर दरवाज्याकडे जाताना एका अरुंद गल्लीत आहे, बाहेर पितळेची घागर आणि कळशा टांगलेल्या, पाटीवरचा रंग उडालाय आणि कोणाला विचारलं तर कोणी दुकानाचं नाव सांगत नाही, 'काकांकडे' एवढंच म्हणतात. आमच्या सासूबाईंच्या लग्नातली भांडी पण इथलीच.

आधी काय झालं ते सांगते म्हणजे मी इतकं का लिहितेय ते कळेल. छकुलीच्या पहिल्या वाढदिवसाला घरभर खेळणी आली. बटण दाबलं की गाणारा हत्ती, दिवे लागणारा मोबाइल, प्लास्टिकचा किचन सेट. प्रत्येकाशी दोन दिवस खेळली, हत्तीशी तीन, आणि मग परत ओट्याखालचा ड्रॉवर, चपलांचं स्टँड, माझी पर्स, बाथरूमची बादली. म्हणून मी ऑनलाइन एक बिझी बोर्ड मागवला, १८९९ रुपयांचा, लाकडी फळी आणि त्यावर कडी, झिप, स्विच, छोटं चाक असं सगळं ठोकलेलं, फोटोत तर फारच सुंदर दिसत होता. छकुलीने कडी सरकवली, परत सरकवली, आणि मग उठून फळीच्या मागे जाऊन बघितलं. तिला दार हवं होतं. कडी उघडली म्हणजे काहीतरी उघडायला पाहिजे ना, मागे नुसती भिंत होती. तिने माझ्याकडे बघितलं, बोर्डकडे बघितलं, आणि चालत जाऊन आमच्या बाल्कनीच्या खऱ्या दाराच्या कडीला हात लावून उभी राहिली. तो चेहरा मी विसरत नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्या बोर्डच्या चाकाचा स्क्रू ढिला झाला आणि आतला वॉशर निघून तिच्या तोंडात. माझं लक्ष होतं म्हणून, ओठांशीच दिसत होता म्हणून लगेच काढता आला. विकणाऱ्याला मेसेज केला तर 'मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरा' एवढंच उत्तर आलं. अहो देखरेख होतीच, म्हणून तर पोर वाचली. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क असणं सक्तीचं आहे आणि त्या बोर्डवर तो शोधूनही सापडला नाही, मी घेताना बघितलाच नव्हता, तुम्ही प्लीज बघा.

त्या संध्याकाळी मी रडकुंडीला आले होते आणि सासूबाई छकुलीला मांडीवर घेऊन पोह्यांच्या डब्याचं झाकण लावायला देत होत्या. म्हणाल्या, "अगं तिला खेळणं नकोच आहे, तिला काम हवंय. तू जे करतेस ते तिला करायचंय. उद्या काकांकडे जाऊ." मी म्हटलं आई, घरात भांडी कमी आहेत का? तर म्हणाल्या घरातली तुझ्या हाताच्या मापाची आहेत, तिच्या हाताची कुठे आहेत.

तर दुकान. गाडी सुरसागरच्या बाजूला कुठेतरी लावायची आणि लहरीपुरा दरवाज्यातून मंगळ बाजार ओलांडून चालत यायचं, गल्लीत गाडी नेण्याचा विचारसुद्धा करू नका आणि स्ट्रोलर तर अजिबात नको, मुलाला कडेवर घ्या. दुकान आत खोल आहे, दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या, वरच्या भांड्यांसाठी आकडीची लांब काठी. काकांचं वय सत्तरीच्या पुढे असेल, मराठी छान समजतं, उत्तर गुजरातीत देतात, आमच्याकडे हे असंच चालतं, आपण मराठीत बोलायचं त्यांनी गुजरातीत आणि कोणाचं काही अडत नाही.

सासूबाईंनी सांगितलं की नातीसाठी भांडी हवीत, खेळायला. मला वाटलं आता ते भातुकलीचा सेट काढतील, तो पातळ पत्र्याचा मिळतो ना तसला. ते म्हणाले, "बेन, एने नीचे बेसाडो ने. ए जाते पसंद करशे." म्हणजे तिला खाली बसवा ना, ती स्वतःच निवडेल. गादीवर कागद अंथरला, छकुलीला बसवलं आणि तिच्यासमोर सगळं खरं सामान एकेक करून ठेवत गेले, एक फुलपात्र, एक छोटा डबा, गाळणी, मिसळणाचा डबा. ठेवायचे आणि गप्प बसायचे. हे बघ ते बघ नाही, टाळ्या नाहीत. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती तरी त्यांनी घाई केली नाही. छकुलीने फुलपात्र उचललं, चाटलं, जमिनीवर आपटलं, मग डब्यावर आपटलं, दोन्ही आवाज वेगळे आले तशी थांबली आणि परत दोन्ही करून बघितले. मोठी कढई तिने एकदा ढकलून सोडून दिली, जड होती. जे तिने परत परत हातात घेतलं ते काकांनी उजव्या बाजूला ठेवलं, बाकीचं उचलून फळीवर. अर्धा तास लागला असेल. मी आजवर कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात मुलाला असं निवडताना बघितलं नाहीये, तिथे निवडतो आपण आणि पैसे देतो खोक्यावरच्या चित्राचे.

मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना पूर्ण मार्क देते. बाजूला ठेवलेल्या प्रत्येक भांड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि मग कापसाचा बोळा घेऊन तोच पूर्ण गोल फिरवला. जिथे पत्र्याला बारीकशी धार राहिलेली असते तिथे कापसाचा तंतू अडकतो. एका डब्याच्या झाकणाला खरंच एक पांढरा धागा चिकटून राहिला, मला डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं, बोटालाही लागलं नसतं. तो डबा त्यांनी बदलून दिला. आता मी घरातल्या जुन्या भांड्यांना पण तसंच करते. कड आत गोल वळवलेली असेल तर उत्तम, नुसती कापून घासलेली असेल तर कापूस फिरवल्याशिवाय मुलाच्या हातात देऊ नका.

स्टीलबद्दल एक गोष्ट, कारण मी पण गैरसमजात होते. मी आपली घरून चुंबक घेऊन गेले होते, चुंबक चिकटला नाही तर स्टील चांगलं असं ऐकलेलं. काका हसले नाहीत, नीट समजावून सांगितलं की ३०४ नंबरच्या स्टीलला चिकटत नाही हे खरं पण २०२ नंबरच्या स्टीलला पण चिकटत नाही, मग चुंबकाने दोघांतला फरक कसा कळणार? ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं म्हणून ते स्वस्त पडतं आणि मीठ-आंबटात जास्त दिवस टिकत नाही. म्हणाले खेळायलाच हवं असेल तर कुठलंही घ्या, पण ज्यात ती ताक-वरण खाणार ते ३०४ चं घ्या. म्हणजे जास्त किमतीचं गळ्यात मारायची संधी होती आणि मारली नाही.

आणि पितळ दिलं नाही. मला एक इवलीशी पितळी घंटी फार आवडली होती, छकुलीला पण. काका म्हणाले हे वय सगळं तोंडात घालायचं आहे, पितळ नको. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि लेथवर कातायला सोपं जावं म्हणून काही पितळात शिसं पण घालतात, वस्तू हातात घेऊन ते कळत नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूला वाईट हे मला माहीत होतं पण घंटी बघताना डोक्यात आलंच नाही. दुकानाबाहेर पितळ टांगलेला माणूस पितळ विकायला नाही म्हणतो, मला हे फार मोठं वाटलं.

आम्ही घेतलं ते असं : एकात एक बसणाऱ्या पाच डब्यांचा सेट ४३० ला, मिसळणाचा डबा ५२० ला, दोन फुलपात्रं १४० ची, चहाची गाळणी ९० ची आणि लाकडी पळी ६०. झाले १२४०, त्यांनी १२०० घेतले. बिझी बोर्डपेक्षा कितीतरी कमी आणि पोरगी मोठी झाल्यावर हे सगळं स्वयंपाकघरात जाईल, काहीच फुकट नाही.

आता सहा महिन्यांचा अनुभव. ओट्याखालचा सगळ्यात खालचा ड्रॉवर आम्ही तिचा करून टाकला, त्यात फक्त हीच भांडी. बाकीच्या ड्रॉवरना लॉक आहेत, याला नाही. पहिला महिना पूर्ण पाच डब्यांचा गेला. पहिल्यांदा फक्त बाहेर काढायचे. मग एकात एक घालायचे पण मोठा छोट्यात, जात नाही म्हणून वरून दाबायचं, चिडायचं, ओरडायचं. मी दोनदा मदतीला धावले, दोन्ही वेळा तिने माझा हात झटकला. मग मी ओट्याशी पाठ करून पोळ्या लाटत बसायचे आणि फक्त कानाने ऐकायचे. ती साधारण पंधरा महिन्यांची असताना एका दुपारी आवाज बंद झाला, मला वाटलं काहीतरी तोंडात घातलं, वळून बघते तर पाचही डबे एकात एक आणि ती सगळ्यात आतल्या डब्यात बोट घालून बसलेली. कोणाला दाखवलं नाही, माझ्याकडे बघितलं पण नाही. परत सगळे काढले आणि परत लावले.

आणि झाकण. झाकणाबद्दल लिहिल्याशिवाय मी थांबूच शकत नाही. डब्याचं झाकण फरशीवर उभं पडलं की ते गोल गोल फिरत खाली बसत जातं ना, आधी हळू मग आवाज भराभर वाढत खळखळखळ करून एकदम थांबतं. तिच्या हातून हे चुकून झालं. ती जागच्या जागी गोठली. मग गुडघ्यावर वाकून गाल फरशीला टेकवला आणि थांबलेल्या झाकणाकडे बघत राहिली, जणू ते परत उठेल. मग तिने ते उचलून टाकलं, पालथं पडलं, नाही फिरलं. उताणं टाकलं, नाही. चटईवर टाकलं, नुसता धप्प. पलंगावरून टाकलं. जवळजवळ आठवडाभर ती त्याच्याच मागे होती आणि शेवटी तिला समजलं की कड खाली धरून सोडायचं, आणि फरशीवरच. आता ती बरोबर फरशी शोधून तिथेच जाते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेंनी स्वतःच्या तीन मुलांचं असंच बारीक निरीक्षण करून लिहून ठेवलंय की वर्ष-दीड वर्षाचं मूल एकच गोष्ट थोडी थोडी बदलून परत परत करतं, काय होतं ते बघायला. आपल्याला वाटतं पोर त्रास देतंय, सारखं टाकतंय. मी पण आधी झाकण काढून घ्यायचे, आता नाही घेत.

मिसळणाचा डबा आणला तेव्हा त्यात सात वाट्या होत्या आणि एक इवलासा चमचा. चमचा मी दुकानातच परत दिला. घरी एक सोपी चाचणी करता येते, टॉयलेट पेपरची आतली पुठ्ठ्याची नळी घ्यायची, जी वस्तू त्यातून आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको, घशात अडकू शकते. लॅबमध्ये खेळण्याच्या छोट्या तुकड्यांसाठी वापरतात त्या नळीचं तोंड ३१.७ मिलिमीटरचं असतं, पुठ्ठ्याची नळी त्याहून जरा मोठी म्हणजे आपण सुरक्षित बाजूला. वाट्या जात नाहीत. कुकरची शिट्टी जाते, ती छकुलीला अतिशय आवडते आणि ती मी उचलून वर ठेवली.

याच्यावरूनच अजून एक, भांड्यांशी संबंध नाही पण घरातल्या वस्तू द्यायच्या म्हटलं की सांगायलाच हवं. फॅनचा छोटा रिमोट, गाडीची चावी, किचनचा वजनकाटा, यांच्यात बऱ्याचदा नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जबर जखम होऊ शकते, गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. खरी वस्तू द्या म्हणते म्हणजे सगळीच खरी वस्तू द्या म्हणत नाही मी. आमच्याकडे हे सगळं वरच्या कपाटात आणि सेलच्या झाकणाला चिकटपट्टी.

सासूबाईंच्या मोठ्या बहिणीने बालवाडीत शिकवलंय, त्या दिवाळीत आल्या तेव्हा ड्रॉवर बघून म्हणाल्या ही तर ताराबाईंची बालवाडी झाली. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबर काम करत होत्या, गिजुभाईंचं बालमंदिर तिथे १९२० मध्ये सुरू झालेलं, आणि नंतर १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे कुठून आणणार, म्हणून बिया, शंख-शिंपले, दगड, आजूबाजूला जे मिळेल ते मुलांच्या हातात दिलं. मावशी हे सांगत होत्या आणि छकुली त्यांच्या पुढ्यात बसून गाळणीतून राजमा ओतायचा प्रयत्न करत होती, म्हणजे राजमा त्या पुठ्ठ्याच्या नळीतून जातोच, म्हणून तो आम्ही दोघी समोर बसलेलो असतानाच देतो आणि मोजून परत घेतो, बारा दिले तर बारा. राजमा गाळणीतून पडत नाही. पाणी पडतं. तिला हे अजून पटलेलं नाही, ती राजमा घालून गाळणी हलवते आणि खाली वाकून बघते.

इंग्लंडमध्ये एलिनॉर गोल्डश्मीड नावाच्या बाई होत्या, त्यांनी बसत्या बाळांसाठी रोजच्या वस्तूंची टोपली करायची पद्धत आणली, प्लास्टिक न घालता, लाकूड धातू कापड असं वेगवेगळं. आमच्याकडे गाळणी, लाकडी पळी, आईंच्या जुन्या नऊवारीचा तुकडा, नारळाची करवंटी कड घासून, हे टोपलीतच आहे. लाकडी पळी चावून चावून टोकाला तंतू निघायला लागले की फेकायची आणि नवी आणायची, साठ रुपये आहेत, तिथे कंजूषी नको. आमची दुसरी चालू आहे.

दुकानाबद्दल जे नाही आवडलं ते पण. आत शिरताना दोन उंच पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना त्रास होतो, बसायला एकच स्टूल. संध्याकाळी पाचनंतर गर्दी इतकी की काका अर्धा तास देऊ शकणार नाहीत, सकाळी अकराच्या सुमाराला जा. त्यांचा मुलगा दुकानात असेल तर तो थोडा घाईत असतो, त्याने आम्हाला दुसऱ्या खेपेला तेच पातळ पत्र्याचं भातुकलीचं खोकं दाखवलं, त्याच्या कडा बघूनच मी नको म्हटलं. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. क्यूआर कोड आहे पण आत नेटवर्क येत नाही, रोख ठेवा. आणि घरी गेल्यावर आवाज होणार, हे धरून चाला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी आधीच जाऊन सांगून आले, दुपारी दोन ते चार ड्रॉवर बंद. त्यांनीच वर येऊन दोन स्टीलच्या बशा दिल्या.

पाच पैकी साडेचार. अर्धा त्या पायऱ्यांसाठी कापला.

एक राहिलंच, नाव कोरून देतात. भेट द्यायची असेल तर नक्की कोरून घ्या, पैसे घेत नाहीत. आमच्या सगळ्यात मोठ्या डब्याच्या बुडाशी काकांनी त्या गुरगुरणाऱ्या मशीनने टिंब टिंब करत छकुलीचं खरं नाव आणि तारीख घातली, आणि हाताला गुजरातीची सवय, म्हणून अक्षरांवर रेघ ओढलीच नाही. मी म्हणणार होते काका वर रेघ राहिली, सासूबाईंनी माझ्या हाताला हात लावला, म्हणाल्या राहू दे, बडोद्याची आहे ना ती. आता डबा पालथा केला की छकुली पहिल्यांदा त्या टिंबांवरून बोट फिरवते, डावीकडून उजवीकडे नाही, कसंही, आणि मग झाकण शोधायला लागते.